नाव ठेवणं आणि नावं ठेवणं : पदार्थांना चिकटलेले देश

गंगापूर रोडच्या बाजूला माझ्या एका मित्राचं मिसळीचं दुकान आहे. २०२७ च्या सिंहस्थाला परदेशी पाहुणे येणार, आणि वाईनरीकडे जाणारे गोरे तर आत्ताही अधूनमधून थांबतात, म्हणून त्याने इंग्रजी मेनूकार्ड करायला घेतलं. कच्चा कागद माझ्यापुढे सरकवला. पहिल्याच ओळीत त्याच्या मुलाने मिसळीचं भाषांतर केलं होतं : 'इंडियन करी विथ ब्रेड'.

"अरे, मिसळीत करी कुठून आली?" मी विचारलं.

"गोऱ्यांना करी कळते. मटकी कळत नाही," मित्र शांतपणे म्हणाला आणि गिऱ्हाइकाला तर्री वाढायला उठला.

मला उत्तर सुचलं नाही. त्याआधी काही दिवस, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, दिल्लीत युनेस्कोची बैठक झाली होती आणि 'इटालियन पाककला' जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली होती. त्याच बैठकीत आपली दिवाळीही त्या यादीत आली, त्यामुळे इटलीची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर राहिली. पण प्रश्न तोच. अख्ख्या देशाचं जेवण म्हणजे नेमकं काय? ते कोण ठरवतं? आणि आपण ज्याला चायनीज, मेक्सिकन, रशियन म्हणतो ते त्या देशांत ओळखतात तरी का?

आधी पुण्याच्या मावशीचं बघू

आमच्या घरात एक 'पुण्याची मावशी' आहे. जन्म नाशिकचा, पंचवटीतला. लग्न होऊन पुण्याला गेली. इथे सगळे तिला पुण्याची मावशी म्हणतात. पुण्यात मात्र तिला कुणी पुण्याची म्हणत नाही. म्हणणार कसं? तिथे सगळेच पुण्याचे. सासरच्या नातेवाइकांत ती 'नाशिकची' आहे. बाई एकच, गावं दोन, आणि दोन्ही नावं ठेवली ती समोरच्यांनी.

बेकरीतलं डॅनिश पेस्ट्री नावाचं पदरापदराचं गोड प्रकरण घ्या. जग त्याला डेन्मार्कचं म्हणतं. डेन्मार्कमध्ये त्याचं नाव 'व्हिएन्नाचा पाव' अशा अर्थाचं आहे, कारण ही कला तिकडे ऑस्ट्रियाच्या बेकऱ्यांकडून गेली. आणि व्हिएन्नात विचाराल तर ते त्याला कोपनहेगनचं म्हणतात. पुण्याची मावशीच.

भाषेचे अभ्यासक अशा बाहेरच्यांनी ठेवलेल्या नावाला 'एक्झोनिम' म्हणतात. आपण त्याला सरळ 'सासरचं नाव' म्हणू. पदार्थाचं माहेरचं नाव एक असतं आणि तो दुसऱ्या गावी नांदायला गेला की तिथली माणसं त्याला आपल्या सोयीचं नाव देतात. बरेचदा ते नाव म्हणजे तो ज्या गावाहून आला, किंवा आला असं त्यांना वाटतं, त्या गावाचं असतं. रशियन सलाड रशियात 'ओलिव्हिए' आहे. १८६० च्या दशकात मॉस्कोच्या एका उपाहारगृहात लुसियाँ ओलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने ते केलं, त्याचं नाव. फ्रेंच टोस्टला फ्रान्समध्ये 'वाया गेलेला पाव' म्हणतात, कारण शिळा पाव सत्कारणी लावायची ती युक्ती. आपल्याकडे त्यालाच बॉम्बे टोस्ट म्हणणारी हॉटेलं आहेत, म्हणजे सासर बदललं की पुन्हा नवं नाव.

वाटेवरचं गाव नावात शिरतं

सासरच्या नावांचा एक जुना प्रकार व्यापाराच्या वाटेवर तयार होतो. माल कुठे पिकला हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. तो कुणाच्या हातून आला एवढंच दिसतं.

टर्की नावाचा मोठा पक्षी मूळ उत्तर अमेरिका आणि मेक्सिकोकडचा. इंग्रजांना वाटलं, तुर्की व्यापाऱ्यांचा माल, म्हणून टर्की. आता तुर्कस्तानात या पक्ष्याला काय म्हणतात? 'हिंदी'. म्हणजे भारताचा! फ्रेंच भाषेतही त्याच्या नावाचा अर्थ 'हिंदुस्थानचा' असाच आहे. आणि पोर्तुगीज त्याला म्हणतात 'पेरू'. आपण पेरू म्हणतो ते तर फळ, तेही अमेरिका खंडातलंच. इकडून तिकडे सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पक्षी बिचारा मेक्सिकोत उभा. तुर्कस्तानने २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपलं इंग्रजी नाव बदलून 'तुर्किये' करून घेतलं, त्यामागच्या कारणांत हा पक्षीही होता.

मक्याचं तसंच. मका मेक्सिकोचा. इटालियन भाषेत त्याचं नाव 'तुर्की धान्य' अशा अर्थाचं. तुर्की भाषेत त्याला 'मिसिर' म्हणतात, आणि मिसिर म्हणजे इजिप्त. आपल्या ओळखीचा 'मिसर' तो हाच. उत्तरेत खडीसाखरेला 'मिश्री' म्हणतात तिच्यातही हाच इजिप्त आहे, जसा हिंदीतल्या 'चीनी'त चीन आहे. गंमत अशी की साखर हा शब्द मात्र इथला. 'शर्करा' जगभर फिरून इंग्रजीत शुगर झाली.

चिंचेची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हटलं, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्यावरून इंग्रजी टॅमरिंड. शास्त्रीय नावातसुद्धा 'इंडिका' आहे. पण झाड मूळचं आफ्रिकेतलं. आणि आपण? शाळेच्या फाटकाबाहेर जी गुलाबी-पांढऱ्या गराची वेटोळी चिंच मिळायची तिला आपण 'विलायती चिंच' म्हणतो. ती विलायतेत उगवतच नाही. मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेली. इंग्रज तिला मनिलाची म्हणतात. म्हणजे चिंचेला सगळ्यांनी मिळून जगभर फिरवलं, तिच्या खऱ्या गावी मात्र कुणी नेलं नाही.

आता मोसंबी हातात घ्या. हे नाव मोझांबिकवरून आलं असं मानतात. गोड संत्र्याला अरबी, तुर्की आणि ग्रीक भाषांत पोर्तुगालवरून पडलेली नावं आहेत, कारण पोर्तुगीजांनी ते पसरवलं. छोल्यांसाठी आपण काबुली चणे आणतो. यातलं एकही नाव कुणी फसवायला ठेवलेलं नाही. ती त्या काळाची बिलं आहेत असं समजा : माल कुठल्या बंदरातून, कुठल्या दलालाकडून आला ते त्यावर लिहिलंय.

व्हेज कोल्हापुरी कोल्हापुरात का नसते

दुसरा प्रकार हॉटेलातला, आणि तो समजायला परदेशी जायची गरज नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यावर 'व्हेज कोल्हापुरी' मागा. लाल रस्सा, काजू-टोमॅटोची ग्रेव्ही, फरसबी, गाजर, वाटाणा, वर एक तळलेली लाल मिरची. कोल्हापूरच्या कुठल्या घरात ही भाजी होते? तांबडा-पांढरा रस्सा तिथला. पण मेनूकार्डावर 'कोल्हापुरी' या शब्दाचा अर्थ गाव नसतो. अर्थ असतो 'तिखट'. वेटरही तसंच सांगतो : "साहेब, कोल्हापुरी म्हणजे स्पायसी."

देशाचं नावही असंच विशेषण होऊन बसतं. सिंगापूर नूडल्स सिंगापुरात तयार झाल्या नाहीत. हाँगकाँगच्या हॉटेलांनी बारीक शेवयांत करी पावडर घातली आणि लांबच्या बंदराचं नाव दिलं. इथे 'सिंगापुरी' म्हणजे पिवळं आणि मसालेदार. मंगोलियन बार्बेक्यू १९५० च्या दशकात तैवानमध्ये सुरू झालं, मंगोलियाचा त्यात तव्यापुरताही संबंध नाही. हवाईयन पिझ्झाचा किस्सा तर वगनाट्यात शोभेल असा : पदार्थ इटलीचा, करणारा ग्रीसहून आलेला, गाव कॅनडातलं, साल १९६२, आणि नाव अननसाच्या डब्यावरून. अननस पुन्हा दक्षिण अमेरिकेचं.

आणि आपलं लाडकं चायनीज. संध्याकाळी कॉलेज रोडला किंवा सिडकोत लाल दिव्याच्या गाडीवर जे मिळतं, ते कुठलं? मंचुरियन हा प्रकार १९७५ च्या सुमारास मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वाँग यांनी केला असं मानलं जातं. वाँग जन्माने कोलकात्याचे. आलं, लसूण, हिरवी मिरची म्हणजे आपलं रोजचंच वाटण. त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, त्याचा याच्याशी नावापुरता संबंध.

शेजवानवर जरा थांबतो, कारण तिथे एक गमतीची चुकामूक आहे. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणाची खूण म्हणजे जीभ बधिर करणारी, झिणझिण्या आणणारी एक मिरी. आपल्या शेजवान चटणीत ती नसते. लाल मिरची आणि लसूण एवढ्यावर काम भागतं. पण त्या मिरीची सख्खी चुलतबहीण कोकणात बांगड्याच्या आमटीत पडते : तिरफळ. म्हणजे खऱ्या सिचुआन चवीच्या सगळ्यांत जवळ जर महाराष्ट्रात कुणी असेल तर ती मालवणी आजी, चायनीजच्या गाडीवाला नव्हे.

आणि ज्याला आपण 'अमेरिकन चॉप्सी' म्हणतो ती चॉप सुई? दक्षिण चीनच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ 'निरनिराळे तुकडे एकत्र'. अमेरिकेत गेलेल्या चिनी लोकांनी तो पदार्थ तिथे रुजवला, तिथून तो 'अमेरिकन' होऊन आपल्याकडे आला आणि त्यावर गोड लाल सॉस नि तळलेलं अंडं चढलं. पण मूळ अर्थ बघा. निरनिराळं एकत्र. मराठीत याला एकच शब्द आहे, आणि तो माझ्या मित्राच्या पाटीवर लिहिलेला आहे.

"मग अस्सल असं काही नसतंच का?"

इथे बरेच जण चिडतात. त्यांचा 'अस्सल' हा शब्द हातातून निसटतो.

उपवासाचं ताट समोर घ्या. साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा आपल्याकडे होतो तो कसाव्याच्या कंदापासून; कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा पेरूच्या डोंगरांतला. त्याचं 'बटाटा' हे नावही आपल्याला पोर्तुगीजांनी दिलं. हिरवी मिरची मेक्सिकोची. ज्या दिवशी आपण धान्य खायचं नाही म्हणून गहू-तांदूळ बाजूला ठेवतो, त्या दिवशी जिरं, तूप आणि मीठ सोडलं तर ताटात सगळी अमेरिका असते. तरी ही खिचडी आपलीच. मेक्सिकोत कुणी एकादशीला ती करत नाही.

अस्सलपणा सामानात शोधला तर सापडणार नाही. तो करण्याच्या रीतीत, कधी आणि कुणाबरोबर खायचं यात असतो. युनेस्कोसुद्धा पाककृती जपत नाही. फ्रान्सला २०१० मध्ये जो मान मिळाला तो एखाद्या पदार्थाला नव्हता. सगळे मिळून सावकाश, क्रमाने जेवण्याच्या प्रथेला होता. कोरियाला २०१३ मध्ये मिळाला तो किमची एकत्र घालण्याच्या रिवाजाला. आपल्याकडे गल्लीतल्या बायका मिळून कुरडया-पापड घालतात, तसं ते.

नाशिककरांसाठी द्राक्षाचं उदाहरण जास्त जवळचं. निफाड-दिंडोरीकडे शेतकरी सहज 'थॉमसन' म्हणतो. हे विल्यम थॉमसन एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात होते. पण त्यांनी लावलेला बिनबियांचा वेल तुर्कस्तान-इराणकडचा. तिथे त्याची नावं सुलतानिना, किशमिश. तोच वेल सांगलीकडे तासगावात आला, तिथे त्यातून निवडलेल्या वाणाला नाव पडलं 'तास-ए-गणेश'. एका वेलाचा पासपोर्ट केवढा जाड! तरी ओझर-पिंपळगावच्या काळ्या जमिनीत, तिथल्या थंडीत, तिथल्या छाटणीने पिकलेलं द्राक्ष नाशिकचंच, यात कुणाला शंका नाही.

परदेशात आपलं जेवण म्हणजे बटर चिकनच का?

आता दुसरी बाजू. बाहेरच्यांनी आपल्या ताटाला काय नाव ठेवलं?

परदेशातल्या बहुतेक 'इंडियन' हॉटेलांत नान, तंदुरी, पनीर, बटर चिकन असतं. पुरणपोळी, कढण, भरीत-भाकरी, थालीपीठ शोधून सापडत नाही. कारण साधं आहे. एखाद्या देशाचं कुठलं जेवण बाहेर पोचतं हे त्या देशात काय शिजतं यावर ठरत नाही. कुठल्या भागातली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी पोटासाठी हॉटेल टाकलं का, यावर ठरतं.

लंडनमध्ये १८१० साली शेख दीन मुहम्मद यांनी 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं होतं. ते फार चाललं नाही. पुढे जहाजांवर खलाशी म्हणून गेलेले सिल्हेटचे लोक, म्हणजे आजच्या बांगलादेशातले, लंडनला उतरले आणि त्यांनी खाणावळी काढल्या. ब्रिटनमधली 'इंडियन' हॉटेलं अनेक वर्षं बहुतांशी त्यांच्याच हातात होती. गिऱ्हाईक इंग्रज, त्याला कोर्मा, मद्रास, विंदालू यांतला फरक कसा समजावणार? मग तिखटपणाची शिडी झाली. कोर्मा म्हणजे फिकं, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे डोळ्यांतून पाणी. विंदालू हा मूळचा पोर्तुगीज शब्द, अर्थ लसूण आणि वाइनचं मुरवण; गोव्यात त्यात व्हिनेगर महत्त्वाचं. पण तिकडे तो शिडीची वरची पायरी झाला. आपल्या 'कोल्हापुरी'ची आठवण झाली ना?

चिकन टिक्का मसालाही त्यातलाच. ग्लासगोतल्या अली अहमद अस्लम यांचा दावा होता की १९७० च्या दशकात गिऱ्हाइकाला टिक्का कोरडा लागला म्हणून त्यांनी टोमॅटो सूपचा रस्सा केला. २००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात त्याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. आपण इथे बसून म्हणतो, आमचा पदार्थ पळवला. मुंबईतल्या मंचुरियनबद्दल चीनने असंच म्हटलं तर?

तंदूर आणि बटर चिकनचं कुळ दिल्लीचं. फाळणीनंतर पंजाबमधून आलेल्या निर्वासितांनी तिथे तंदूर मांडले आणि हॉटेलातलं 'भारतीय जेवण' तिथून देशभर पसरलं. बटर चिकन नक्की कुणी केलं यावरून २०२४ मध्ये दिल्लीतली दोन हॉटेलं उच्च न्यायालयात भांडत होती, एवढं त्याचं मोल.

आणि मराठी माणूस? तो परदेशी गेला तो बहुतेक नोकरीला. डॉक्टर झाला, इंजिनिअर झाला. हॉटेल टाकलं नाही. खरं सांगायचं तर आपण ते इथेही उशिरा टाकलं. नाशिकमध्ये मिसळ सोडली तर बाहेर जेवायचं म्हणजे पंजाबी, साउथ इंडियन आणि चायनीज, हा क्रम कित्येक वर्षं ठरलेला होता. लग्नाच्या पंगतीतून मठ्ठा-जिलबी गेली आणि पनीर आलं तेव्हा कुठला परदेशी आडवा आला होता? मिसळीचं त्यातल्या त्यात बरं चाललंय. २०१५ मध्ये दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला लंडनच्या एका पुरस्काराने जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरवलं. त्यावर नाशिक, पुणे आणि कोल्हापूर या तिन्ही गावांनी एकाच वेळी नाकं मुरडली असणार, हे वेगळं.

नावं ठेवणं

मराठीत एका अनुस्वाराने अर्थ फिरतो. नाव ठेवणं म्हणजे बारसं. नावं ठेवणं म्हणजे खोड काढणं. देशांच्या जेवणाबाबत पहिलं झालं की दुसरं मागोमाग येतं.

२०१९ मध्ये अमेरिकन लेखक टॉम निकल्स यांनी ट्विटरवर लिहिलं, भारतीय जेवण भयंकर असतं आणि आपण ते आवडल्याचं सोंग करतो. मोठा गदारोळ झाला. २०२१ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या एका विनोदी स्तंभात भारतीय जेवण एकाच मसाल्यावर उभं आहे, असं छापून आलं आणि वृत्तपत्राला दुरुस्ती द्यावी लागली. ज्याने घरात काळ्या मसाल्यासाठी दगडफूल, नागकेसर, तीळ, खोबरं, धने वेगवेगळे भाजताना पाहिलेत, खोकत खोकत, त्याला हे वाचून हसावं की रडावं कळणार नाही. पण त्या लेखकाने खाल्लं काय होतं? 'करी'. इंग्रजांनी डब्यात भरून विकलेली पावडर हाच त्याचा भारत.

आता आरशात बघू. "चायनीज नको रे, त्यात अजिनोमोटो असतो." हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात आहे. अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचं नाव. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून ती चव वेगळी काढली. त्या पांढऱ्या पुडीत ग्लुटामेट नावाच्या द्रव्याचं मीठ असतं. तेच द्रव्य पिकलेल्या टोमॅटोत आणि जुन्या चीजमध्ये नैसर्गिकपणे असतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते. संपादकांनी त्याला 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' असं शीर्षक लावलं आणि अख्ख्या देशाच्या जेवणावर शिक्का बसला. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाने असा त्रास होतो हे सिद्ध झालं नाही. शिक्का मात्र पुसला नाही. पाकिटातल्या काही चिप्समध्ये आणि तयार सूपमध्येही ग्लुटामेट असतं, ते मात्र आपण मुलांना बिनधास्त देतो.

चीनमध्ये प्रादेशिक स्वयंपाकाच्या आठ मोठ्या परंपरा मानतात. आपल्याला माहीत किती? अर्धी, आणि तीही मुंबईची.

ताटावर सरकार बसतं तेव्हा

कधी कधी देशाचं नाव बाहेरचे नव्हे, घरचेच चिकटवतात, ठरवून. पाड थाई घ्या. सयामचं नाव १९३९ मध्ये थायलंड झालं. पंतप्रधान फिबुन यांना 'थाई' ही ओळख घट्ट करायची होती, आणि त्या काळात परतलेल्या तांदळाच्या शेवयांचा सरकारने प्रचार केला. शेवया आणि परतण्याची रीत चिनी. नावाचा अर्थ मात्र 'थाई पद्धतीने परतलेलं'. मुद्दाम 'थाई' म्हणावं लागलं, यातच सगळं आलं. पुढे २००२ मध्ये थायलंडने परदेशात थाई हॉटेलं वाढवायची सरकारी योजनाच काढली. आज लहानसहान परदेशी शहरांतही थाई हॉटेल दिसतं ते आपोआप झालेलं नाही.

उलट, भांडण झालं की नाव काढून घेतात. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसवर सैन्य पाठवल्यावर ग्रीसमध्ये टर्किश कॉफीची 'ग्रीक कॉफी' झाली. कॉफी तीच, गाळही तोच. इराकच्या युद्धाला फ्रान्सने विरोध केला म्हणून २००३ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राइजचं 'फ्रीडम फ्राइज' केलं. बोर्श्त नावाचं बिटाचं सूप जग सर्रास रशियन म्हणतं. युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये युनेस्कोने युक्रेनच्या बोर्श्तच्या परंपरेला तातडीने जपण्याच्या यादीत घेतलं.

हसू नका. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष झाला तेव्हा जयपूरच्या काही मिठाईवाल्यांनी म्हैसूर पाकाचं 'म्हैसूर श्री' केलं. पाक! गुलाबजाम ज्यात सोडतो तो पाक. पाककृतीतला, पाकशास्त्रातला पाक. संस्कृत शब्दाला परदेशी ठरवून हद्दपार करण्याचा हा मान आपला.

नावावर कायद्याने हक्क सांगता येतो का?

काही नावांवर येतो. त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात : एखाद्या मालाचा गुण त्या जागेमुळे असेल, तर ते गावाचं नाव फक्त तिथल्याच उत्पादकांनी वापरायचं. नाशिकला हे चांगलं ठाऊक आहे. नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन आणि लासलगावचा कांदा, तिघांनाही मानांकन आहे. याच कायद्याने आपले हातही बांधले जातात. शॅम्पेन हे फ्रान्सच्या एका प्रांताचं नाव आणि त्याला भारतातही मानांकन आहे. म्हणून नाशिकची फसफसणारी वाइन त्याच पद्धतीने केलेली असली तरी बाटलीवर 'स्पार्कलिंग वाइन' लिहायचं. वाढदिवसाला आपण 'शॅम्पेन फोडली' म्हणतो ते कायद्याच्या कानावर जात नाही एवढंच.

दोन देश एकाच नावावर बसले तर? पिस्को ही द्राक्षाची दारू. पेरू म्हणतो आमची, चिली म्हणतो आमची, आणि हे भांडण लढायला दोघे आले दिल्लीच्या उच्च न्यायालयात. आपल्याकडे रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा भांडले. शेवटी २०१७ आणि २०१९ मध्ये दोघांना आपापल्या नावाने मानांकन मिळालं, म्हणजे दोन्ही भावांना वाटणी.

पण 'इंडियन', 'चायनीज', 'मेक्सिकन' असल्या सैल विशेषणांना कायदा सहसा शिवत नाही. मंचुरियनवर चीन दावा करणार नाही आणि चिकन टिक्का मसाल्यावर आपलं काही चालणार नाही.

मित्राच्या मेनूकार्डाचं शेवटी असं झालं. 'इंडियन करी' खोडली. 'मिसळ' हेच नाव इंग्रजी अक्षरांत मोठं लिहिलं आणि खाली बारीक अक्षरांत : मोड आलेली मटकी, तिखट काळा रस्सा, वर फरसाण, कांदा, लिंबू, सोबत पाव. 'पाव' शब्द तसाच ठेवला. पोर्तुगीज पाहुणा आला तर त्याला घरच्यासारखं वाटेल.

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, पोराच्या अक्षरात. 'मेक्सिकन मिसळ : चीज आणि स्वीट कॉर्नसह'.

"ही तरी खोडायची ना?" मित्राने पेन उघडलं.

मी रश्श्याकडे बघितलं. मिरची, टोमॅटो आणि आता वरून मका.

"राहू दे," म्हटलं. "सगळ्या कार्डात खरं नाव तेवढंच आहे."